आबांनी पास केलेला सायलेन्सर

नर्सबाईंची गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. नुसती ऐकू आली असती तरी एक वेळ चाललं असतं. ती गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरवत आली. समोरचा शिंपी मशीन सोडून दारात आला. बेकरीवाली पिठाने भरलेले हात तसेच वर करून बाहेर आली आणि कुणाची गाडी म्हणून बघत राहिली. आणि गॅरेजच्या आत पाइप कापत बसलेल्या ठिणगीच्या हातातली करवत थांबली.

कारण त्या गाडीचा सायलेन्सर तिने स्वतःच्या हाताने बनवला होता. बसवल्यावर त्याच सकाळी तिने गाडी चालू करून पाहिली होती, तेव्हा इंजिन चालू आहे की बंद हे बघायला तिला बॉनेटवर हात ठेवावा लागला होता. इतका गप्प. आणि आता हा थयथयाट!

"अगं, केलंस तरी काय माझ्या गाडीला?" नर्सबाई दार आपटून उतरल्या. "चढ चढते, मान्य. आधी दवाखान्याच्या चढाला मध्येच धापा टाकायची, मागचे हॉर्न मारून जीव घ्यायचे. आता सरसर जाते. पण हा आवाज! वरच्या वस्तीत माझे एक आजोबा आहेत, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेले. आवाज झाला की दचकतात, दचकले की दम लागतो. काल त्यांची मुलगी दारातच उभी. म्हणाली, बाई, उद्यापासून गाडी खालीच लावा आणि चालत या. आता ऑक्सिजनची टाकी पाठीवर घेऊन चढ चढू का मी?"

ठिणगीने मान खाली घातली. मान खाली घालायची तिला अजिबात सवय नव्हती.

ठिणगी हे नाव तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी ठेवलेलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा वर राहायच्या खोल्या आणि खाली गॅरेज, आणि गॅरेजमध्ये फक्त सायलेन्सरचं काम. एक दिवस नवरा तापाने पडला म्हणून ती मदतीला खाली उतरली आणि वेल्डिंगची काच डोळ्यांवर धरून पहिलाच टाका असा घातला की आबा म्हणाले, "ही तर ठिणगी निघाली!" तेव्हा त्यात कौतुक होतं. पुढे तिचा स्वभावही कळला, आणि मग नावातलं कौतुक ओसरून वैताग उरला.

नर्सबाईंच्या मागून आबा आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं, आणि सरळ होत म्हणाले, "उडाली. लोकर उडाली. सांगितलं होतं ना मी?"

"आबा, ती अशी उडणार नाही. मी या वेळी जाळीवर बारीक तारेची लोकर गुंडाळली होती, तिच्यावर काचेची. दोन थर..."

आबा तोवर पाठ फिरवून आत गेलेसुद्धा. तिचं वाक्य हवेतच राहिलं. हे नेहमीचंच होतं. बोलायला लागावं आणि या माणसाने चालू पडावं! सून म्हणजे काय, दारातलं पायपुसणं आहे?

आत जाऊन आबांनी खिळ्यावर टांगलेली तिची वेल्डिंगची काच काढली, कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार लावलं. "बोललो होतो," ते म्हणाले. "आधी टॅक्सीवाला परत आला. मग दूधवाल्याची व्हॅन. तेव्हाच बोललो होतो, आता पुढची गाडी परत आली तर हे लाड बंद. बाईंच्या गाडीला मी उद्या आपला जुना डबा बसवतो. तू बस वर, आईला हात दे."

आपला जुना डबा! त्या डब्याचं सांगतो. आबांच्या पद्धतीच्या सायलेन्सरमध्ये आत आडव्या भिंती असत. धूर पहिल्या खोलीत शिरायचा, भिंतीला धडकून मागे फिरायचा, नळीतून दुसऱ्या खोलीत, पुन्हा धडक, पुन्हा मागे. असं हेलपाटे घालता घालता आवाज मरायचा, हे खरं. पण त्याबरोबर गाडीचाही जीव जायचा. बाहेर जाऊ पाहणारा धूर इंजिनातच तुंबायचा आणि चढ आला की गाडी हातपाय गाळून बसायची. ठिणगीने वेगळं केलं होतं. वाकताना चपटा झालेला पाइप फेकून गोल वळणाचा लावला. तोही जरासाच रुंद, कारण फार रुंद केला की धूर रेंगाळतो आणि गाडी उलट सुस्तावते. सांध्यांच्या आत निघालेल्या कडा तिने घासून गुळगुळीत केल्या. डब्यातून भिंती काढून आरपार एक नळी टाकली, तिला सगळीकडून भोकं, आणि नळी नि डबा यांच्यामध्ये लोकर ठासली. धूर सरळ निघून जातो, आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथंच जिरतो. पुढे आणखी एक छोटा डबा, गाडीच्या आत घुमणारी घरघर मारायला. हे तिने मोडके सायलेन्सर कापून, फसून, पुन्हा कापून जमवलं होतं.

आणि हे सगळं जिच्यावर टिकून, ती लोकर दर वेळी नाहीशी होत होती.

"बाई, एक दिवस द्या," ती नर्सबाईंना म्हणाली. "एकच. उद्या दुपारी या. नाही जमलं तर आबांचा डबा लावून घ्या, मी चकार शब्द काढणार नाही."

नर्सबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "उद्याची सकाळ मी कशीबशी रिक्षाने निभावीन," त्या म्हणाल्या. "पण नंतर मला गाडी पाहिजे, आणि गप्प पाहिजे."

"एक सांगा. इथून गेल्यावर गाडी आणखी कुणाच्या हातात दिली होती?"

"छे. मोठ्या रस्त्यावरच्या त्या टकल्याकडे हवा भरायला तेवढी थांबले होते."

टकल्या! ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॅक्सीवालाही त्याच्याकडेच हवा भरतो. दूधवाल्याचा तर थांबाच तिथं. आणि हाच टकल्या पानपट्टीसमोर उभा राहून सांगत होता म्हणे, बाईच्या हातचा सायलेन्सर आठ दिवस टिकत नाही. कसा टिकेल? तू टिकू देशील तेव्हा ना, मेल्या!

तिने डबा गाडीखालून सोडवला, काखोटीला मारला आणि तशीच निघाली. नवरा मागून "अगं, थांब" म्हणाला. नुसतं "थांब" म्हणाला. का थांब, ते काही म्हणाला नाही. हे तिला नंतर आठवलं.

टकल्याचं दुकान म्हणजे पोरांच्या गाड्यांना फटफट आवाजाची नळकांडी लावायचा अड्डा. तो टायरवर बसून पाइप घासत होता. ठिणगीने डबा त्याच्या समोरच्या टेबलावर असा आदळला की पाने उड्या मारून खाली पडले.

"लाज नाही वाटत?" ती ओरडली. "हिंमत असेल तर माझ्यापेक्षा चांगला बनवून दाखवा! हे काय चोरासारखं? गिऱ्हाईक हवा भरायला थांबलं की खाली शिरायचं आणि माझा डबा फोडायचा?"

टकल्याने आधी आजूबाजूला पाहिलं, आपल्याशीच बोलतेय का म्हणून. मग तोही उठला. "वहिनी, तोंड सांभाळा हं! हवा भरायला किती वेळ लागतो? तेवढ्यात मी गाडी उचलू, डबा कापू, लोकर उपसू, परत जोडू, आणि तुमची नर्स तिथं उभी राहून बघत बसेल? काही डोकं?"

ठिणगीचं डोकं रागाने भरलेलं असलं तरी रिकामं नव्हतं.

"आणा इकडे," टकल्या धुसफुसत म्हणाला. त्याने डबा उताणा केला, तारेचा ब्रश घेतला आणि बुडाचा चिखल नि काळा रंग खरवडायला लागला. बघता बघता रंगाखालून एक चौकोन उमटला. बुडाला झाकण कापून काढलं होतं आणि परत जोडलं होतं. ठिणगी डबा उघडायची ती नेहमी वरच्या शिवणीवर. बुडाकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं. आबा जाणाऱ्या गाडीच्या डब्याला उष्णता सोसणारा काळा रंग मारत, तो सगळीकडेच मारत.

"वरची शिवण तुमची," टकल्या म्हणाला. "ही खालची कुणाची?"

"मला काय माहीत!"

"नीट बघा. टाक्याचे खवले कुठल्या बाजूला पडलेत? उलट. हा डावखुऱ्याचा टाका आहे, वहिनी. या सबंध भागात डावखुरा वेल्डर एकच. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, शिव्या खाल्ल्या, चापट्याही खाल्ल्या. हा टाका मी डोळे मिटून, बोटाने चाचपून ओळखीन." त्याने ब्रश टेबलावर टाकला. "आणि आळ घ्यायला आलात माझ्यावर!"

माफी मागायला हवी होती. ती न मागताच तिने डबा उचलला आणि चालायला लागली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच: का? हवी तर शिवी द्यावी. काच काढून घ्यावी. पण माझं काम चोरून कापायचं, आणि वर मलाच बोल लावायचे? असा काय गुन्हा केला मी?

आता या गॅरेजची एक रीत सांगायला हवी. इथून कुठलीही गाडी आबांनी पास केल्याशिवाय जात नसे. आबा गाडीच्या मागे, गाडीकडे पाठ करून उभे राहत. डोळे मिटत. चालकाने गाडी चालू करायची, थोडी दाबायची, सोडायची. आबा ऐकत. आणि मग म्हणत, "जाऊ दे." त्या दोन शब्दांवर गॅरेज चाललं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचा कुठला सांधा गळतोय हे आबा सांगत, आणि लोक ते बघायला थांबत. हे पास करणं असे दुपारी, जेवणं झाल्यावर. जेवायला सगळे वर जात, आबा म्हणत, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. आणि जेवण झालं की सासूबाईंना नेमकं तेव्हाच काहीतरी सुचे. भांडी घासून टाक. पडदे काढ. हा पिठाचा डबा चढव वर. ठिणगी खाली येई तोवर गाडी गेलेली असे.

जिना चढता चढता हे सगळं तिच्या डोक्यात एकापुढे एक येऊन उभं राहिलं. वर सासूबाई ताटं पुसत होत्या, नवरा खिडकीशी उभा. तिने डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला, बूड वर करून.

"हा आबांनी कापलाय," ती म्हणाली. "तिन्ही त्यांनीच कापले."

सासूबाई ताट पुसतच राहिल्या. नवऱ्याने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"दचका तरी!" ठिणगी ओरडली. "खोटं खोटं का होईना, दचका!"

"अगं, हळू," नवरा म्हणाला. "आबा खाली आहेत."

"असू देत! ऐकू देत!"

"त्यांना कुठलं ऐकू येतंय," सासूबाई म्हणाल्या. थकल्या आवाजात, ताटाकडे बघत, पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं तसं.

मग हळूहळू बाहेर आलं. वर्ष होऊन गेलं होतं. आधी बारीक आवाज गेले, मग मधले. आता समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून जुळवून घेतात. मोठा आवाज येतो, बारीक येत नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. यांनी विचारलं नाही. सासूबाई बोलायच्या आधी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या. नवरा आधी खांद्याला हात लावायचा. आणि ठिणगीचा सायलेन्सर पास करायला आबा उभे राहिले की त्यांना काहीच ऐकू यायचं नाही. म्हणून ते दुपारी डबा उघडून लोकर उपसायचे, कानाला लागेल इतकी. उरलेली सैल झालेली लोकर चार दिवसांत धुराबरोबर निघून जायची.

ठिणगी खुर्चीवर बसली. "मी त्यांच्या पाठीमागून बोलते," ती म्हणाली. "वर्षभर. आबा, हे बघता का? आबा, हा सांधा बरोबर आहे का? आणि ते निघून जातात. मला वाटायचं, हा माणूस मला मोजत नाही. रात्री मी तुला सांगायचे," ती नवऱ्याकडे वळली, "आबा मला हिंग लावून विचारत नाहीत. आणि तू काय म्हणायचास? जाऊ दे गं, त्यांचा स्वभावच तसा! ऐकू येत नाही म्हणून नाही सांगितलंस. स्वभाव!"

"त्यांचं मन दुखलं असतं."

"आणि माझं? माझं काय पत्र्याचं आहे?"

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "त्या कानावर त्यांनी आयुष्य काढलं. कान गेला म्हटल्यावर त्यांचं राहिलं काय, सांग बघू?"

"आणि माझं नाव गेल्यावर माझं काय राहिलं, ते तुम्ही सांगा! पानपट्टीवर लोक हसतात, आई. बाईचं काम म्हणून हसतात. टॅक्सीवाला मला बघून रस्ता बदलतो. तुम्हा दोघांना माहीत होतं माझं काम चांगलं आहे. आणि तुम्ही मला भांडी घासायला बसवत होतात!"

सासूबाईंचं ताट पुसून कधीच कोरडं झालं होतं. तरी त्या पुसत होत्या. मायेने मूग गिळून बसलेल्या माणसांशी भांडणार तरी किती?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली उतरली आणि कपाट उघडून आपली काच घेतली. कपाटाला कुलूप नव्हतंच. या घरात कुलपं होती ती फक्त तोंडांना. आबा बघत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. डबा खोलला, बूड बदललं, जाळीची नळी घासून साफ केली, तारेची लोकर गुंडाळली, काचेची लोकर ठासली, शिवण घातली. गाडीखाली शिरून सांधे आवळले. दुपार झाली. नवरा जेवायला वर गेला. आबा म्हणाले, "तू हो पुढे, मी येतो."

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला भूक नाही," ती म्हणाली आणि गाडीला टेकून खाली बसली. आबा थोडा वेळ घुटमळले, हत्यारं इकडची तिकडे केली. ती हलली नाही.

नर्सबाई आल्या तेव्हा नवराही खाली आला होता आणि सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. शिंपी दारात होताच. तो कधी नसे?

ठिणगीने मनाशी पक्कं केलं होतं. सांगायचं काहीच नाही. सगळ्यांना दाखवायचं. ती गाडीत बसली.

आबा गाडीच्या मागे गेले, पाठ केली, डोळे मिटले. ठिणगीने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. नर्सबाईंनी भुवया उंचावल्या आणि बॉनेटवर हात ठेवून पाहिला. ठिणगीने थोडं दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं, सोडलं. खरंच, इतकं चांगलं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

आबा उभेच होते.

"चालू कर की," ते म्हणाले. "कशाची वाट बघतेस?"

"अहो, चालूच आहे!" नर्सबाई हसत म्हणाल्या. आबांना तेही ऐकू गेलं नाही.

"चालू कर म्हणतो ना!" आबा आणखी मोठ्याने म्हणाले. त्यांचे डोळे अजून मिटलेले होते. कामाच्या वेळी असायचा तसा चेहरा, सगळं लक्ष एकवटलेलं, आणि मागे नळीतून धूर त्यांच्या पायजम्यावर येत होता.

नर्सबाईंचं हसू मावळलं. शिंपी आत गेला. नवरा जमिनीकडे बघत राहिला. ठिणगीला वाटलं होतं, ही वेळ आली की आपल्याला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. आणि त्याचाही तिला रागच आला.

पायाला ऊब लागली तेव्हा आबा वळले. थरथरणारी नंबरप्लेट पाहिली, धूर पाहिला. मग एकेकाचे चेहरे. सगळ्यात शेवटी जिन्यावर पाहिलं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

सासूबाईंनी हो म्हणून मान हलवली.

"तुला?" मुलाने वर पाहिलं नाही, तेच उत्तर झालं.

"म्हणजे मी इथे गारुड्यासारखा उभा राहून सोंग करत होतो," आबांचा आवाज चढत गेला, "डोळे मिटून, मान डोलवून, जाऊ दे, जाऊ दे म्हणत होतो, आणि तुम्ही वर्षभर तमाशा बघत होतात? एकाला वाटलं नाही, म्हाताऱ्याला तोंडावर सांगावं? मी काय मेलो होतो?"

"तुमचं मन..." सासूबाई म्हणायला लागल्या. पण त्या लांब होत्या आणि त्यांचा आवाज बारीक होता.

ठिणगी गाडीतून उतरली आणि आबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला काल कळलं."

"आणि आज लगेच चारचौघांत माझी अब्रू काढलीस!"

"हो! काढली! मला राग आला होता. अजून आहे! माझा डबा का कापलात?"

आबा तिच्या ओठांकडे बघत होते. "मला ऐकूच यायचा नाही गं," ते म्हणाले. "जी गाडी मी ऐकली नाही तिला जाऊ दे कसं म्हणू? खोटं बोलू? उभ्या जन्मात न ऐकता गाडी सोडली नाही मी. म्हटलं, थोडी लोकर काढू, ऐकू येईल इतकीच. माझ्या कानाला गाडी तरी बारीकच लागायची. मग गाड्या परत यायच्या आणि मला वाटायचं, तुझी लोकरच टिकत नाही."

खोटं बोलायला नको म्हणून या माणसाने तिचं काम फोडलं होतं! रागवायचं तरी कुठून सुरुवात करून?

आबा खाली वाकले. डावा हात मागच्या नळीसमोर धरला, उलटा, मग सुलटा. नर्सबाई काहीतरी म्हणणार होत्या, ठिणगीने त्यांना खुणेने थांबवलं. "दाब," आबा म्हणाले. नवरा धावत जाऊन गाडीत बसला आणि दाबलं. आबांचा हात तसाच होता, बोटं किंचित पसरलेली. "सोड. परत दाब." मग ते उठले, गुडघ्यावर हात देऊन.

"कुठे अडत नाही," ते म्हणाले. "एकसारखं, सरळ येतंय. माझ्या डब्यातून गचके मारत यायचं." हात त्यांनी पायजम्याला पुसला. "हे मला हाताने कळलं. आवाजाचं तू सांग."

"बारीक आहे," ठिणगी म्हणाली.

"काय?"

"बारीक आहे, आबा!"

"बारीक म्हणजे किती? ओठातल्या ओठात बोलू नकोस, नीट सांग!"

ठिणगीने छाती भरून श्वास घेतला आणि वर्षभराचं सगळं त्यात घालून ओरडली. "शेजारी निजलेलं माणूस जागं होणार नाही इतका बारीक!"

शिंपी पुन्हा बाहेर आला. बेकरीवालीही आली.

"घुमतो का?"

"नाही!"

"शीळ घालतो? सांध्यापाशी?"

"नाही! कुठेच नाही!"

"ठिणगे, अगं, गल्लीत माणसं राहतात!" शिंपी कानावर हात ठेवून म्हणाला.

"म्हणू का मग?" आबांनी तिला विचारलं. हे त्यांनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

"म्हणा!"

आबा नर्सबाईंकडे वळले. "जाऊ दे," ते म्हणाले.

नर्सबाई गाडीत बसल्या. गाडी गल्लीतून गेली, वळली, दिसेनाशी झाली, आणि ती गेल्याचं गल्लीत कुणाला कळलंही नाही. सगळे अजून ठिणगीकडेच बघत होते.

आबांनी तिची काच उचलली आणि खिळ्यावर टांगली. मग बायको आणि मुलगा यांच्याकडे वळले. दोघं अजून जिथल्या तिथे होते.

"ऐकलंत ना, ती कशी बोलते?" आबा म्हणाले. "माझ्याशी बोलायचं तर यापुढे असं बोलायचं. जमत नसेल तर बोलू नका."

सासूबाई जिन्याच्या पायरीवरून उतरल्या, जवळ आल्या, आणि एरवीसारख्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या पाठीमागेच थांबल्या, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि जन्मात कधी ओरडल्या नसतील अशा ओरडल्या, "जेवायला चला!"

आबा वळले. "येतो," ते म्हणाले. "ठिणगीलाही घे. तिचंही जेवायचं राहिलंय."